कुंडीतील मातीत कोळसा घालावा काय?

बडोद्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. माहेर वसईकडच्या वाडीतले. लग्नानंतर गेली पंधरा-सोळा वर्षे तिचा संसार त्या शहराच्या जुन्या भागात, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर चालला आहे. यजमानांच्या नोकरीचे अलीकडे काही निश्चित राहिलेले नाही. घरात खाणारी माणसे सहा. म्हणून तिने गच्चीवर बावीस कुंड्या मांडल्या आणि टोमॅटो, मेथी, वांगी, मिरची यांची लागवड केली. माहेरी बालपणापासून भाजीच्या वाफ्यांत वावरलेली असल्यामुळे हाताला सवय होतीच. कोणीतरी तिला सांगितले की काडीकचऱ्याचा कोळसा मातीत मिसळला की खत लागत नाही, पाणी लागत नाही आणि पीक दुप्पट येते. तिने एका भट्टीवरून दोन पोती काळा चुरा आणला आणि कुंडीत एक तृतीयांश भरला. वीस दिवसांत रोपे पिवळी पडली. मेथी बोटभर वाढून थांबली. "फादर, ही फसवणूक आहे काय? सासूबाई म्हणतात, सगळे उपटून टाक. टाकू काय?" असा तिचा प्रश्न आहे.

टाकू नये. फसवणूकही म्हणता येणार नाही, मात्र अर्धवट सांगण्याने जे नुकसान होते ते येथे झाले आहे. हा विषय गावोगावच्या परसबागांनाही लागू असल्यामुळे उत्तर पत्राने न देता या सदरात देत आहे.

प्रथम राख आणि कोळसा यांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. राखेच्या बुधवारासाठी आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. झावळी मोकळ्या हवेत पूर्ण जळू दिली तर हाती पांढरी, भुरभुरीत राख येते आणि तीही मूठभरच. पण मध्येच वारा तोडला, वर झाकण पडले, तर काळा, ठिसूळ आणि हलका कोळसा उरतो. (कपाळावर लावायची राख पुष्कळदा काळपट असते ती याचमुळे.) पहिल्या प्रकारात वनस्पतीतील कार्बन हवेत निघून जातो आणि चुना, पालाश यांसारखी खनिजे तेवढी मागे राहतात. दुसऱ्या प्रकारात पुरेसा प्राणवायू न मिळाल्यामुळे लाकडातील वायू तेवढे जळतात व कार्बनचा सांगाडा शिल्लक राहतो. शंभर किलो वाळलेल्या काड्यांतून सामान्यतः पंधरा ते पंचवीस किलो असा कोळसा मिळतो. शेतीसाठी केलेल्या या कोळशास जैवकोळसा किंवा बायोचार असे म्हणतात. चुलीतला कोळसा व हा यांत जातीचा भेद नाही. भेद आहे तो कशापासून केला, किती तापवला आणि कशासाठी वापरला यात.

या सांगाड्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत पाणी राहते, हवा राहते आणि खतातील अमोनियासारखी द्रव्ये त्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. उपयोग एवढाच, आणि तो लहान नाही. परंतु कोळसा स्वतः रोपाचे अन्न नव्हे. ते पेव आहे. आणि पेव रिकामे असेल तर भुकेल्याला त्याचा उपयोग काय? रिकाम्या पेवाची तर आणखी एक खोड असते. नवा, कोरा कोळसा मातीत घातला की आसपासचे नत्र तो प्रथम स्वतःच धरून बसतो आणि कोवळी रोपे उपाशी राहतात. आपल्या भगिनीच्या मेथीचे हेच झाले असावे.

दुसरेही एक कारण संभवते. भट्टीच्या चुऱ्यात कोळशाबरोबर पुष्कळ राख असते. राख अल्कधर्मी असते, कोळसाही बहुधा तसाच. बडोद्याच्या परिसरातील जमिनी मुळातच अल्कधर्मीकडे झुकणाऱ्या आहेत, आणि विंधनविहिरीचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यात एक तृतीयांश चुरा गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. दोहोंतील फरक पानांवरून ओळखता येतो. खालची, जुनी पाने आधी फिकट पिवळी पडली तर नत्राची उणीव समजावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असे दिसले तर लोहाची. पत्रात दोन्ही लक्षणे लिहिली आहेत. टोमॅटोत एक, मेथीत दुसरे.

तेव्हा आज करावयाचे ते असे. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना, ते पाहून दोन-तीन वेळा भरपूर गोडे पाणी वरून सोडावे, म्हणजे राखेतील क्षार वाहून जातील. गुजरातेत एरंडीची पेंड सहज मिळते. मूठभर पेंड बादलीभर पाण्यात दोन दिवस भिजवून, गाळून, तेवढेच पाणी आणखी मिसळून आठवड्यातून एकदा घालावे. ही पेंड विषारी असते. शेळी, कुत्रा, लहान मूल यांच्या हाती लागू देऊ नये. लोहासाठी हिराकस पाच ग्रॅम व लिंबूसत्त्व एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. टोमॅटो सावरतील. मेथी मात्र काढून पुन्हा पेरलेली बरी. तिला वेळ फार लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोळशाने जमीन सुधारते हे खरे काय?

१५४१-४२ साली फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार ॲमेझॉन नदीतून समुद्रापर्यंत गेला. त्याच्याबरोबर गास्पार दे कार्वाहाल नावाचे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू होते. काठाकाठाने दाट वस्तीची मोठमोठी गावे पाहिल्याचे त्यांनी लिहून ठेवले. पुढे शतकानुशतके कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण त्या अरण्यातील जमीन इतकी निकस की एवढ्या लोकांना ती पोसणार कशी? परंतु त्याच अरण्यात ठिकठिकाणी काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे सापडले. तेथील लोक त्यांना 'तेर्रा प्रेता', म्हणजे काळी माती, म्हणतात. वीम सोंब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली ॲमेझॉनच्या जमिनींवरील आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आणि पुढे आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला. त्या मातीत कोळसा आहे, पण त्याबरोबर हाडे, मासळीचे अवशेष, खापऱ्या आणि घरातील केरकचराही आहे. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ जण कोळशापाशी थांबतात आणि उकिरड्याचा भाग गाळतात. माझ्या मते अर्धे रहस्य त्या उकिरड्यातच आहे.

आपल्याकडे इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. ठाणे, रायगड आणि कोकणपट्टीतील भात पिकवणाऱ्या वाचकांना राब ठाऊक आहे. रोप टाकण्याच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देऊन वर मातीचा पातळ थर पसरावयाचा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते धुमसत जाळावयाचे. मातीचा थर असल्यामुळे जाळ भडकत नाही आणि राखेबरोबर थोडा कोळसाही जमिनीत राहतो. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, रोप जोमाने उठते. या कवळासाठी झाडे फार तोडली जातात, अशी तक्रार ब्रिटिश अमदानीतील वनखात्याने केली आणि ठाणे-कुलाब्यातील शेतकऱ्यांचे व सरकारचे त्यावरून मोठे भांडण झाले. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे हा विषय होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे वाचताना वाटते.

अलीकडच्या काळात राबाऐवजी एक शहाणा मार्ग निघाला, तो डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत. त्यातील पहिल्याच सूत्रात भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावयास सांगितले आहे, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. 'काळी' या शब्दावर भर आहे; पांढरी होईपर्यंत जाळलेली नव्हे. तिच्यातील सिलिका रोपाला मिळते आणि रोप कणखर होते. जपानातही करपवलेले तूस रोपांच्या मातीत घालण्याची जुनी रीत आहे. म्हणजे जे आज नवे म्हणून विकले जाते, ते आपल्या कित्येक वाचकांच्या शेतात वर्षानुवर्षे चालू आहे.

तथापि कोकणात मानवले म्हणून बडोद्यास मानवेलच असे नाही. कोकणची तांबडी माती आम्ल, अतिवृष्टीने धुतलेली. तेथे कोळशाचा अल्कधर्मी गुण औषधासारखा लागू पडतो. जगभरातील प्रयोगांचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्के उत्पन्न वाढले आणि समशीतोष्ण देशांत सरासरीने काहीच वाढले नाही, असे त्यात दिसून आले. कारण मुख्यतः हेच, की उष्ण कटिबंधातील त्या जमिनी आम्ल व निकस होत्या. बडोद्यात कोळशापासून अपेक्षा ठेवावी ती पाणी व खत धरून ठेवण्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, गच्चीवरची कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि घातलेले खत पाण्याबरोबर तळातून वाहून जाते. तेथे या गुणाची किंमत आहे. "पाणी लागत नाही" हे मात्र खरे नाही. थोडे कमी लागते, एवढेच म्हणावे.

कशाचा कोळसा करावा? बडोद्याच्या घरांतून हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलण्याचा सोहळाच चालतो. लीलव्याच्या कचोऱ्या होतात आणि टोपल्या भरून टरफले बाहेर पडतात. ती, तसेच पाद्र्याच्या भाजीबाजारातून येणारी देठे, साली, पाने, यांचा कोळसा करू नये. ओला माल जळत नाही, नुसता धूर करतो. आणि त्याचे उत्तम कंपोस्ट होत असता तो जाळणे हा अपव्यय आहे. कोळसा करावयाचा तो जे लवकर कुजत नाही त्याचा: पऱ्हाट्या, तुराट्या, नारळाच्या करवंट्या, शेंगदाण्याची टरफले, आंब्याच्या छाटलेल्या काटक्या.

पऱ्हाट्यांना त्या मुलखात तोटा नाही. डभोई-मियागाम ही आपल्या देशातील पहिली अरुंद रुळांची आगगाडी गायकवाड सरकारने १८६२ साली घातली; तिचे डबे आरंभी बैल ओढत, आणि वाहतूक मुख्यतः कापसाची. करजणच्या काळ्या जमिनीत आजही कापूस होतो. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या शेतात उभ्या राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून त्या लवकर काढाव्यात असे कृषिखाते सांगते. शेतकरी काढतो आणि बांधावर पेटवून देतो. दोन तासांत कार्बन धुरात जातो आणि धूर शेजारच्या गावात.

इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी १९३१ साली शेतातील टाकाऊ पदार्थांविषयी पुस्तक लिहिले आणि त्यातील पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पऱ्हाट्या सहजी कुजत नाहीत, म्हणून ते त्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरून ठेवीत. गाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या की मग खड्ड्यात घालीत. ज्याच्या दारातून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो, त्याला हा मार्ग आजही खुला आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली व त्या कामास २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा हेतू मुख्यतः चुलीसाठी धूर न करणारे इंधन मिळावे असा होता.

चुलीवरून एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. गावात पऱ्हाट्या-तुराट्या वेचून नेणाऱ्या मजूर स्त्रिया असतात. त्यांच्या घरचा स्वयंपाक त्यावर होतो. कोळशाला भाव येतो असे कळताच शेतमालकाने त्यांना बांधावरून हाकलून द्यावे, हे मला पटत नाही. चुलीला पुरून जे उरेल आणि एरवी पेटवूनच दिले जाईल, तेवढेच भट्टीत जावे.

घरगुती प्रमाणावर कृती सोपी आहे. गुजरातेत तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घरोघरी असतो. तो आधी एकदा रिकामाच जाळात तापवून तेलाचा अंश घालवावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, त्याची वाफ घातक असते. डब्यात करवंट्यांचे किंवा तुराट्यांचे खडखडीत वाळलेले तुकडे भरून झाकण बसवावे आणि झाकणाला खिळ्याने दोन-तीन भोके पाडावीत. पूर्ण बंद डबा कधीही तापवू नये, तो फुटतो. सभोवार काटक्यांचा जाळ करावा. प्रथम भोकांतून पांढरी वाफ येते, मग पिवळा वायू निघतो व पेट घेतो. ती ज्योत आपोआप विझली की कोळसा झाला. भोके ओल्या मातीने लिंपून दुसऱ्या दिवसापर्यंत डबा उघडू नये.

पऱ्हाट्या पुष्कळ असतील तर शेतात वर रुंद व खाली निमुळता असा कमरेइतका खोल खड्डा खणावा. तळाशी जाळ करून थोड्या थोड्या पऱ्हाट्या टाकीत जावे. वरच्या थरावर राखेची पांढरी झाक दिसू लागली की पुढचा थर टाकावा. वरची ज्वाला प्राणवायू खाऊन टाकते, म्हणून खालचा कोळसा जळत नाही आणि धूरही थोडा होतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवावा. हे काम गच्चीवर किंवा शहराच्या गल्लीत करू नये. रंगवलेले लाकूड, प्लायवुड, प्लॅस्टिक यांचा तुकडाही आत जाता कामा नये. ज्या कुंडीतली भाजी मुले खाणार, तिच्यात ते विष उतरते.

विझवण्याविषयी दोनदा सांगतो. कोळसा बाहेरून थंड लागतो आणि आत निखारा जिवंत असतो. पोत्यात भरलेला असा कोळसा रात्री पेटून घरे जळाली आहेत. पाण्याने चिंब करून, उन्हात पसरून, दोन दिवस डोळ्यांसमोर राहिल्यावरच तो घरात न्यावा. आणि थंडीत धुमसता कोळसा बंद खोलीत ठेवून कोणी झोपू नये. त्यातून निघणाऱ्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात.

ज्यांना हे सर्व जमणार नाही त्यांनी कोळशाची इस्त्री वापरणाऱ्याकडची कणी मागून आणावी. बहुधा तो फुकट देईल. चाळून राख वेगळी करावी, दोनदा पाण्याने धुवावी. धूळ नाकात जाऊ नये म्हणून ओली करूनच फोडावी. ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढी कणी चांगली.

मग पेव भरावयाचे. कोळसा एक भाग आणि अर्धवट कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दोन भाग असे ओलसर मिसळून सावलीत गोणपाटाखाली किमान महिनाभर ठेवावे आणि आठवड्याने एकदा वरखाली करावे. शेणाचा रबडा किंवा गोमूत्र मिळत असेल तर ते वरून शिंपडावे. महिन्यानंतर त्या मिश्रणाला मातीचा वास येऊ लागतो. न भरलेला कोळसा कुंडीत घालू नये, हा नियम एखाद-दुसऱ्या रोपापुरताही मोडू नये.

प्रमाण असे: दहा टोपल्या मिश्रणात चार माती, तीन कंपोस्ट, दोन नारळाचा भुसा अथवा जाड वाळू, आणि कोळसा एकच. कोळसा कंपोस्टातच मुरवला असेल तर ती चार टोपल्यांची बेरीज एकत्र धरावी. पंधरा लिटरच्या कुंडीत दीड लिटर कोळसा येतो. बावीस कुंड्यांना तेहतीस लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. माती निवडताना काळी टाळावी, ती कुंडीत आवळून बसते व उन्हाने भेगाळते. तिकडची गोराडू माती बरी. कोळसा कुजत नाही, म्हणून दर वर्षी तो नव्याने घालावयाचा नसतो. कंपोस्ट मात्र दर हंगामाला घालावे लागते.

बाजारात याच वस्तूच्या सुबक पिशव्या मोठ्या किमतीस मिळतात. ज्याला दोन बादल्याच हव्यात त्याने त्या घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. घ्यावयाच्याच असतील तर मूठभर माल ग्लासभर पाण्यात ढवळून पाहावा. पाणी राखाडी व बोटांना साबणासारखे निसरडे लागले तर त्यात राख फार आहे असे समजावे.

आपल्या बडोद्याच्या भगिनीने यंदा आणखी कोळसा घालू नये. आहे त्यातला अर्धा अधिक भाग पीक निघाल्यावर काढून कंपोस्टात मुरत ठेवावा. करजणकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या पऱ्हाट्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतील, तेव्हा तेथेच खड्डा करून कोळसा करावा आणि मे महिन्यात लीलव्याच्या टरफलांच्या कंपोस्टात तो घालून ठेवावा. पावसाळाभर तो मुरेल. ऑगस्टअखेर टोमॅटो-वांग्यांचे रोप टाकावे, सप्टेंबरच्या शेवटी कुंड्या भराव्यात. सहा कुंड्या कोळशाशिवाय ठेवून शेजारीच मांडाव्यात, पाणी व खत सारखेच द्यावे आणि कोणत्या कुंडीतून किती किलो भाजी निघाली ते वहीत लिहून ठेवावे. ते आकडे जानेवारीत मला कळवावेत, येथे छापू.